प्रोसेसर आधी एवढा तापत नव्हता, आता तापतोय: कारण शोधायचं कसं

पीसी नवीन होता तेव्हा गेम खेळताना प्रोसेसर ६५-७० डिग्रीच्या आसपास असायचा आणि आता तोच गेम, तीच सेटिंग, पण आकडा ८५-९० दाखवतोय, फॅनचा आवाज थांबतच नाही, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नवीन असेम्बल केलेला पीसी पहिल्या दिवसापासूनच तापत असेल तर त्याची कारणं थोडी वेगळी असतात, इथे मी फक्त आधी नीट चालणाऱ्या आणि हळूहळू गरम व्हायला लागलेल्या डेस्कटॉपबद्दल लिहितोय.

अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्यावर बसवलेल्या कूलरच्या मधला, उष्णता पलीकडे नेणारा लेप) बदल. सल्ला चुकीचा नाही, बऱ्याचदा पेस्टच असते, पण कूलर काढणं हे या सगळ्यातलं सर्वात जोखमीचं काम आहे आणि नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. कारण धूळ असू शकते, फॅन असू शकतो, एखादं सॉफ्टवेअर असू शकतं, बायोसचं (मदरबोर्डमधलं, पीसी चालू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट असू शकतं, आणि यातलं कुठलं आहे ते पेचकस हातात न घेता बऱ्यापैकी कळतं. फक्त आकडे नीट बघायचे.

मुळात हे जास्त आहे का?

आधी घाबरणं थांबवूया. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० डिग्री आहे, कोअर अल्ट्रा २०० सिरीजची १०५. एएमडी रायझन ५००० मधल्या बऱ्याच मॉडेल्सची ९०, रायझन ७००० च्या एक्सवाल्या मॉडेल्सची ९५, आणि ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही ताप आटोक्यात आला नाही तर पीसी बंद होतो. म्हणजे ८५ दिसलं म्हणून लगेच काही जळत नाही. रायझन ७००० चे मोठे मॉडेल तर फुल लोडला ९५ पर्यंत जाऊन तिथेच चालावेत अशाच पद्धतीने बनवलेत, त्यांच्या बाबतीत ९५ दिसणं हा बिघाड नाही.

आयडलला, म्हणजे काही काम चालू नसताना, रायझन ४०-५० च्या मधे उड्या मारत असेल तर तेही नॉर्मल आहे, ब्राउझर उघडला की एखादा कोअर क्षणभर फुल स्पीडला जातो आणि आकडा दहा-पंधरा डिग्रीने वर जाऊन परत खाली येतो. त्या उड्यांवरून काही ठरवू नका.

अजून एक, जुन्या पहिल्या पिढीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स मधे एक आकडा मुद्दाम २० डिग्री वाढवून दिला जातो, काही सॉफ्टवेअर ते वजा करून दाखवतात काही नाही, त्यामुळे मागच्या वर्षी एका सॉफ्टवेअरमधे बघितलं आणि या वर्षी दुसऱ्यात, तर तुलनाच चुकते. नेहमी एकच सॉफ्टवेअर, एकच सेन्सर.

आपल्याला बघायचं आहे ते हे की तुमच्याच पीसीत आधीपेक्षा किती फरक पडला, आणि तो फरक कशामुळे.

मोजणी: डिग्री एकटी बघू नका, वॉट पण बघा

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो घ्या, फुकट आहे, उघडताना फक्त सेन्सर्सचा पर्याय टिक करा. पहिल्यांदा उघडलं की इतके आकडे दिसतात की डोकं गरगरतं, पण आपल्याला पाचच हवेत: प्रोसेसरचं पॅकेज टेम्परेचर (एएमडीत टीसीटीएल असं काहीतरी दिसेल), पॅकेज पॉवर वॉटमधे, कोअरचा क्लॉक, प्रोसेसर फॅनचा आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या), आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या पुढे यस आहे की नो. लिनक्सवर असाल तर एलएम-सेन्सर्स टाकून टर्मिनलमधे सेन्सर्स कमांड चालवा, तापमान आणि बऱ्याच बोर्डांवर फॅनचा स्पीड दिसतो.

आता लोड द्यायचा. सिनेबेंच हे प्रोसेसरला पूर्ण लोड देणारं टेस्ट सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याची मल्टी कोअर टेस्ट दहा मिनिटं फिरते आणि तेवढा वेळ पुरतो. प्राइम९५ चा स्मॉल एफएफटी मोड यापेक्षा खूप जास्त ताप देतो, रोजच्या वापरात तेवढा लोड कधीच येत नाही, त्यामुळे नवीन लोकांनी त्याच्या नादी लागायची गरज नाही. टेस्टच्या आधी बायोसमधून किंवा मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून प्रोसेसर फॅन फुल स्पीडवर टाका, नाहीतर फॅन कधी हळू कधी जोरात फिरतो आणि दोन टेस्टची तुलना होत नाही. खोलीचं तापमान पण लिहून ठेवा, साधा थर्मामीटर पीसीच्या जवळ ठेवा, पण मागून गरम हवा निघते तिथे नको.

शेवटच्या दोन-तीन मिनिटात आकडे स्थिर झाले की प्रोसेसरचं तापमान, वॉट आणि खोलीचं तापमान लिहा. मग एक साधं गणित. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि उत्तराला वॉटने भागा. समजा खोली २५, प्रोसेसर ७५, पॉवर १०० वॉट, म्हणजे वाढ ५० डिग्री, प्रत्येक वॉटला अर्धा डिग्री. हा अर्धा म्हणजे तुमच्या कूलिंगची सध्याची तब्येत.

आता काही महिन्यांनी तीन गोष्टी होऊ शकतात. एक, खोली ३३ झाली आणि प्रोसेसर ८३, वॉट तेवढेच १००. वाढ अजूनही ५० आहे, उत्तर अजूनही अर्धा, म्हणजे कूलर अगदी ठणठणीत आहे, फक्त खोली गरम झालीय. दोन, खोली २५ च आहे पण प्रोसेसर ९० आणि वॉट १३०. वाढ ६५, भागिले १३०, परत अर्धा! कूलर तेच काम करतोय, प्रोसेसरच जास्त वीज खातोय. तीन, खोली २५, वॉट १००, आणि प्रोसेसर ९०. आता उत्तर ०.६५. इथे खरंच कूलिंग बिघडलंय.

या एका भागाकाराने अर्धा शोध संपतो. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाने कितीही वेळा पेस्ट बदलली तरी काही उपयोग नाही, कारण त्याचा त्रास पेस्टमधे नाहीच.

जुने आकडे तुमच्याकडे नसतील, बहुतेकांकडे नसतातच. मग एखादा जुना स्क्रीनशॉट शोधा, किंवा तोच प्रोसेसर तोच कूलर असलेल्या लोकांचे आकडे शोधा, अगदी तंतोतंत जुळणार नाहीत पण अंदाज येतो. आणि आजचा आकडा मात्र लिहून ठेवाच, साफसफाईनंतर तो लागणार आहे. प्रोसेसर आधीच मर्यादेला टेकून थ्रॉटल होत असेल तर तापमान ९५ किंवा १०० वर अडकलेलं दिसेल आणि वॉट हळूहळू उतरताना दिसतील, तेव्हा त्या उतरलेल्या वॉटने भागा, गणित तरीही चालतं.

वॉट वाढले असतील तर

काही न करता पीसी पाच मिनिटं सोडून द्या आणि मग टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करा, सगळ्यात जास्त वापर वरती येईल. आयडलला एक-दोन टक्क्यांऐवजी पंधरा-वीस टक्के सतत दिसत असेल तर कोण खातंय ते बघा. अँटीव्हायरसचा स्कॅन, विंडोज अपडेट, क्लाउडवर फाइल चढवणारं एखादं अॅप, साठ टॅब उघडा ठेवलेला ब्राउझर, गेम लाँचर्स. काही चोरून क्रिप्टो माइनिंग करणारे व्हायरस असे असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात आणि बंद केला की परत चालू, त्यामुळे टास्क मॅनेजर बंद ठेवून फक्त एचडब्ल्यूइन्फोमधे वॉट बघा. टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर वॉट धाडकन पडत असतील आणि बंद केल्यावर परत चढत असतील तर शंका घ्यायला जागा आहे, पूर्ण स्कॅन करा.

विंडोजचा पॉवर प्लॅन पण बघून घ्या. हाय परफॉर्मन्सवर असेल तर मिनिमम प्रोसेसर स्टेट शंभर टक्के असते आणि काम नसतानाही क्लॉक खाली येत नाही. बॅलन्स्डवर टाका, रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

मग बायोस. इथे लोक फार कमी बघतात आणि म्हणून मी जरा जास्त लिहितोय. बायोस अपडेट केलं की बऱ्याच बोर्डांवर सगळ्या सेटिंग डिफॉल्टला जातात, तुम्ही लावलेली फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला फॅन किती जोरात फिरवायचा ते) जाते, पॉवर लिमिट जाते. आणि बोर्डाचं डिफॉल्ट म्हणजे प्रोसेसर कंपनीचं डिफॉल्ट असंच नसतं. कोअर आय९ १३९००के ची अधिकृत टर्बो पॉवर २५३ वॉट आहे, पण कित्येक बोर्ड ही मर्यादा ४०९६ वॉट अशी भरून ठेवायचे, म्हणजे मर्यादाच नाही. मल्टीकोअर एन्हान्समेंट नावाची सेटिंग चालू असेल तरी तेच, सगळे कोअर कमाल स्पीडला पळवले जातात. एएमडीत पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पॉवर घेऊ देणारी सेटिंग) चालू झालंय का बघा.

१३व्या किंवा १४व्या पिढीचा इंटेल असेल तर एक वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे खराब होत होते, त्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मधे ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि नंतर त्यात अजून सुधारणा आल्या. तो बायोस अपडेटमधून मिळतो. तुमचं बायोस त्याच्या आधीचं असेल तर तापमानाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते अपडेट करा, मग इंटेल डिफॉल्ट सेटिंगचा प्रोफाइल निवडा. झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही पण पुढचं थांबतं.

एक छोटी गोष्ट, पीसीचं घड्याळ सारखं मागे पडतंय किंवा तारीख चुकतेय का? मदरबोर्डवरची सीआर२०३२ गोल बॅटरी संपत आली असेल. ती संपली की प्लग काढल्यावर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, आणि तुम्हाला कळतही नाही की फॅन कर्व्ह आणि पॉवर लिमिट कधीच गेल्या. बॅटरी बदला, सेटिंग परत लावा.

वॉट तेवढेच आणि फरक वाढलाय

आता खरंच उष्णता बाहेर पडत नाहीये. ती कुठे अडकतेय हे कळण्यासाठी अजून एक टेस्ट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते कारण तिला काहीच लागत नाही. एचडब्ल्यूइन्फोमधे रीडिंग दर अर्ध्या सेकंदाला येईल असं सेट करा, तापमानाचा ग्राफ उघडा, सिनेबेंच चालू करा आणि ग्राफचा आकार बघत बसा. मग बंद करा आणि परत बघा.

लोड दिल्याबरोबर एक-दोन सेकंदात आकडा ४५ वरून थेट ९० च्या पुढे गेला, आणि बंद केल्याबरोबर तसाच धपकन ५० वर आला, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमधे जातच नाहीये. म्हणजे पेस्ट किंवा कूलरची पकड. याउलट आकडा आधी ६५-७० वर गेला, मग मिनिटामागून मिनिट चढत चढत आठव्या मिनिटाला ९० ला पोचला, आणि बंद केल्यावरही सावकाश उतरतोय, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतेय पण कूलरमधून हवेत जात नाहीये. म्हणजे धूळ, फॅन किंवा कॅबिनेटमधली हवा.

नवीन प्रोसेसरची चिप छोटी असते त्यामुळे सुरुवातीची थोडी उडी सगळ्यांचीच असते, उडी आहे की नाही हे बघू नका, एकूण वाढीतला किती भाग पहिल्या दोन सेकंदात झाला ते बघा.

याची खात्री हाताने पण करता येते. टेस्ट चालू असताना कॅबिनेटची बाजूची प्लेट काढा, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, आणि टॉवर कूलर (उभा, उंच कूलर) असेल तर त्याच्या हीट पाइपला, म्हणजे तळातून वर जाणाऱ्या धातूच्या नळीला, खालच्या बाजूला बोट लावा, फॅनच्या पात्यांपासून लांब राहून. प्रोसेसर ९५ दाखवतोय आणि पाइप जेमतेम कोमट आहे, तर पकड किंवा पेस्ट, यात शंका ठेवायचं कारण नाही. पाइप आणि फिन्स (धातूच्या पातळ पट्ट्या) चांगल्याच गरम लागत असतील तर उष्णता पोचतेय, बाहेर पडत नाहीये.

प्लेट काढलीच आहे तर तशीच ठेवून पूर्ण टेस्ट परत करा. प्लेट उघडी ठेवल्यावर तापमान पाच-सहा डिग्री किंवा जास्त उतरलं तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाहीये, कूलर बिचारा गरमच हवा फिरवतोय. पुढचा फिल्टर बघा, तिथेच धुळीचा थर असतो. पीसी भिंतीला चिकटवून ठेवलाय का, टेबलाच्या बंद कप्प्यात ढकललाय का, गालिच्यावर ठेवल्यामुळे खालचं एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) हवेचं तोंड बंद झालंय का तेही बघा. मधल्या काळात नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं असेल तर ते दोन-तीनशे वॉटची उष्णता कॅबिनेटमधेच सोडतं, आणि त्याची एक खूण आहे, सिनेबेंचमधे प्रोसेसर ठीक असतो आणि गेममधे, जिथे प्रोसेसरला कमी वॉट लागतात, तिथे उलट जास्त तापतो. असं असेल तर प्रोसेसरच्या कूलरला हात लावू नका, मागे आणि वर हवा बाहेर टाकणारा फॅन वाढवा.

धूळ

पीसी बंद करा, मागचा स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो.

टॉवर कूलर असेल तर फॅन हीटसिंकपासून (कूलरच्या धातूच्या भागापासून) काढा, तारेच्या क्लिप असतात, निघतात. बाहेरून बघून कूलर स्वच्छ आहे असं कधी म्हणू नका. फॅन काढला की त्याच्या मागे, फिन्सच्या तोंडावर, राखाडी रंगाचा एक सलग थर बसलेला असतो, कपाटामागे साचतो तसा, बोटाच्या नखाने धरून ओढला तर पट्टीच्या पट्टी निघते. बाहेरून फक्त फॅनची पाती दिसतात आणि ती बऱ्यापैकी स्वच्छ वाटतात, हवा मात्र या थराला आपटून परत येत असते. स्टॉक कूलरमधे (प्रोसेसरच्या पेटीत मिळतो तो) हा थर फॅनच्या खाली, गोल फिन्सच्या मधे असतो आणि तिथे टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही.

मोठा थर आधी मऊ ब्रशने किंवा हाताने काढा, मग उरलेलं ब्लोअर किंवा कॅनमधल्या हवेने उडवा. हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. कॅन सरळ उभा धरा, तिरका केला तर आतलं थंडगार द्रव बोर्डावर पडतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या तोंडाला स्टॅटिक तयार होतं. आणि हे सगळं मोकळ्या हवेत करा, ती धूळ परत खोलीत बसून परत पीसीतच जाणार आहे.

फॅन

साफ करतानाच फॅन बोटाने हलकेच फिरवून बघा. चांगला फॅन काही वेळ आपोआप फिरत राहतो आणि हळूच थांबतो. एक-दीड फेरीत अडकून थांबत असेल, खरखर लागत असेल, किंवा पातं वरखाली डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलंय. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण कालांतराने सुकतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फॅन बदलायचा. फुल स्पीडला एचडब्ल्यूइन्फोमधे जो आरपीएम दिसतो तो कूलरच्या पेटीवर लिहिलेल्या आरपीएमच्या जवळ असायला हवा. बराच कमी असेल तर फॅन थकलाय, किंवा बायोसमधे फुल स्पीड लागलाच नाहीये.

फॅन परत लावताना दिशा बघा. फॅनच्या चौकटीवर छोटा बाण असतो, हवा कुठे जाणार ते दाखवतो. बाण नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणारी प्लास्टिकची काडी दिसते त्या बाजूने हवा बाहेर येते. वायर पिनवर घट्ट बसवा आणि सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा, दुसऱ्या कुठल्या फॅनच्या पिनवर लावली तर ती कर्व्ह प्रोसेसरच्या तापमानावर चालेलच असं नाही. वायर पात्याला घासत नाहीये ना तेही बघून मगच चालू करा.

आता परत तीच टेस्ट, तोच भागाकार. बऱ्याच लोकांचं काम इथेच होतं.

कूलरची पकड

ग्राफने उडी दाखवली असेल तर आता इकडे. इंटेलच्या बऱ्याच जुन्या स्टॉक कूलरला प्लास्टिकचे चार पुश पिन पाय असतात. पीसी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, गाडीत हादरे बसले, किंवा वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन प्लास्टिक सैल झालं की यातला एखादा पाय उचलला जातो आणि कूलर एका कोपऱ्यात किंचित वर राहतो. डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. कूलर हळूच हलवून बघा, तो अजिबात हलायला नको. बोर्डाची मागची बाजू दिसत असेल तर चारही पायांची टोकं सारखीच बाहेर आलीत का बघा. पायाच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने फिरवलं की पाय सुटतो, म्हणजे बसवलेला असताना तो त्या दिशेने फिरलेला नसावा. सुटलेला पाय सापडला तरी नुसता परत दाबू नका, एकदा कूलर उचलला गेला की पेस्टमधे हवा शिरते, पेस्ट नवीन लावूनच बसवा.

पेस्ट

पेस्ट दोन कारणांनी खराब होते. एक म्हणजे सुकते. दुसरं, प्रोसेसर रोज गरम-थंड होताना त्याचं झाकण आणि कूलरचा तळ अगदी बारीक हालचाल करतात आणि पेस्ट मधून कडेला ढकलली जाते, मधे जिथे चिप आहे तिथेच पातळ होते. म्हणून कूलर काढल्यावर कडेला भरपूर पेस्ट आणि मधे जवळजवळ कोरडा डाग असं दिसतं.

कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं लोडवर चालवून गरम करा आणि मग बंद करून लगेच कामाला लागा. हे टाळू नका, विशेषतः एएम४ सॉकेटचा (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन असेल तर. त्यात पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्याला फक्त खालून पकडतो, वरून झाकण नसतं, त्यामुळे सुकलेल्या पेस्टने कूलरला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. गरम पेस्ट मऊ असते. स्क्रू सोडवताना एक पूर्ण काढून मग दुसरा असं नको, समोरासमोरचे थोडे थोडे सोडवा, मग कूलर सरळ वर ओढायचा नाही, डावीकडे-उजवीकडे हळू हळू वळवा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला जाणवतं, मग उचला. एएम५ आणि इंटेलमधे पिना सॉकेटमधे असतात आणि प्रोसेसरवर धातूची पकड असते, तिथे ही भीती नाही. प्रोसेसर सॉकेटमधून काढायची मात्र गरजच नाही, तो तिथेच राहू द्या.

जुनी पेस्ट दोन्हीकडून पुसा. सुती धागे न सोडणारं कापड किंवा टिश्यू आणि ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. धातू आरशासारखा दिसेपर्यंत पुसा आणि वाळू द्या. जुन्या पेस्टवर नवीन लावू नका.

नवीन पेस्ट, छोट्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनचे प्रोसेसर लांबट आहेत, तिथे लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा फुली काढा. थोडी जास्त झाली तर कडेला येते, साध्या पेस्टने बोर्डाला काही होत नाही, कमी पडणं जास्त वाईट. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका, ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खाऊन टाकतं. सारखी पेस्ट बदलायचा कंटाळा असेल तर हनीवेलची पीटीएम७९५० ही शीट चांगली आहे, गरम झाल्यावर मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही.

कूलर ठेवताना एकदाच नीट ठेवा, उचलून परत ठेवलात तर पेस्टमधे हवा अडकते. नवीन कूलर असेल तर तळाची प्लास्टिक फिल्म काढलीत ना ते बघा. स्क्रू परत समोरासमोर, अर्धा-अर्धा वळसा. आणि फॅनची वायर लावा.

लिक्विड कूलर असेल तर

रेडिएटरला (पाणी थंड करणाऱ्या जाळीला) पण धूळ बसते, ते आधी बघा. मग पंपाचा आरपीएम. तो शून्य असेल किंवा वरखाली होत असेल तर पंप बिघडलाय. पंपाची वायर ज्या पिनवर आहे तिथे बायोसमधे कायम फुल स्पीड ठेवा, तापमानाप्रमाणे कमी-जास्त नको. लोडवर दोन्ही नळ्यांना हात लावा, फरक थोडासाच असायला हवा, एक चांगलीच गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी फिरत नाहीये.

गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा आहे. या सीलबंद कूलरमधून पाणी नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडत जातं आणि त्याची जागा हवा घेते. ती हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला राहिली तर बिघडत नाही, पंपात आली की बिघडतं, म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असायला हवा. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावला असेल तर जागा बदला. पंप खरंच गेला असेल तर सीलबंद कूलर उघडून दुरुस्त करत बसू नका, वॉरंटी बघा, चांगल्या मॉडेलना पाच-सहा वर्षं असते.

सगळं केलं तरी आकडा हलला नाही

आधी परत भागाकार. तो सुधारलाय पण तापमान अजून जास्त वाटतंय, तर कूलर त्या प्रोसेसरला लहान पडतोय. अशा वेळी पॉवर लिमिट थोडी खाली आणा, एएमडीत इको मोड आहे, इंटेलमधे पीएल१ आणि पीएल२ (सततची आणि थोड्या वेळाची पॉवर लिमिट) चे आकडे बायोसमधून बदलता येतात. शेवटच्या थोड्या स्पीडसाठी प्रोसेसर खूप वॉट खातो, त्यामुळे लिमिट उतरवल्यावर स्पीड जेवढा जातो त्यापेक्षा ताप खूप जास्त जातो.

भागाकार अजिबात सुधारला नाही आणि प्रोसेसर इंटेलच्या ३ऱ्या ते ८व्या पिढीतला असेल, तर एक कारण झाकणाच्या आत आहे. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधे चिप आणि धातूच्या झाकणामधे सोल्डरऐवजी पेस्ट वापरली, २०१८ मधे ९व्या पिढीच्या आय९ ९९००के बरोबर सोल्डर परत आलं. ती आतली पेस्ट पण इतक्या वर्षांत सुकते. एकाच लोडवर एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस डिग्री जास्त दिसत असतील आणि वरची पेस्ट, पकड, फॅन सगळं ठीक असेल तर बहुतेक हेच. झाकण उघडून आतली पेस्ट बदलणारे लोक आहेत, त्यासाठी वेगळं टूल मिळतं, पण नवीन माणसाने हे करू नये, चिपचा कोपरा तुटला की प्रोसेसर संपला. एवढ्या जुन्या प्रोसेसरवर टर्बो बंद करून किंवा व्होल्टेज थोडं उतरवून अजून बराच काळ काढता येतो. व्होल्टेज उतरवायचं तर ०.०२-०.०३ व्होल्ट एका वेळी, प्रत्येक वेळी सिनेबेंच पूर्ण चालवून बघा, आणि पीसी हँग झाला तर एक पायरी मागे या.